हाताची जात

मायक्रोटोमचं चाक माझ्या उजव्या हातात होतं. डाव्या हातात ब्रश. समोर मेणाचा ठोकळा, ठोकळ्यात लॅबमधल्या पांढऱ्या उंदराच्या यकृताचा तुकडा. चाक एकदा फिरवलं की ठोकळा पात्यावरून खाली येतो आणि मेणाचा एक पापुद्रा सुटतो. केसापेक्षाही कितीतरी पातळ. पुढचा पापुद्रा त्याला चिकटतो, त्याच्या पुढचा त्याला. अशी लांब पट्टी निघत जाते. ती ब्रशने उचलायची, कोमट पाण्यावर सोडायची, पसरली की काचेवर घ्यायची. मग रंग द्यायचा. मग कुठे मायक्रोस्कोपखाली पेशी दिसते.

आमच्या डिपार्टमेंटमध्ये तीन दिवसांचं ट्रेनिंग होतं. बाहेरच्या कॉलेजांतून प्राध्यापक आले होते. उज्जैन, देवास, रतलाम. वीस-बावीस जण माझ्याभोवती उभे होते, मोबाईल वर करून माझ्या हातांचा व्हिडिओ घेत. एका मॅडमनी विचारलं, "इतना स्मूद कैसे निकलता है? हमारा तो दो सेक्शन में टूट जाता है।"

मी सांगायला तोंड उघडलं. ठोकळा आधी बर्फावर ठेवावा लागतो, हे सांगणार होते.

सर पुढे झाले. आमचे हेड. म्हणाले, "देखिए मैडम, ये सिखाने से नहीं आता। इनके दादा-परदादा चमड़ा काटते थे। रियासत के ज़माने से। ये कटाई तो इनके खून में है।"

आणि त्यांनी माझं मनगट धरलं. दोन बोटांनी. ग्लोव्हवरून. वर उचलून सगळ्यांना दाखवलं.

"ये हाथ देखिए।"

लोक हसले. वाईट हसले नाहीत. कौतुकाने हसले. कोणीतरी "वाह" म्हणालं. एकाने मोबाईल जवळ आणला. सरांनी माझं मनगट सोडलं, खिशातून सॅनिटायझरची छोटी बाटली काढली आणि बोलता बोलता हात चोळले.

मी चाक परत फिरवलं.

पट्टी तुटली नाही. एकदाही नाही. मला आज सगळ्यात जास्त किळस येते ती त्याची. माझा हात थरथरायला हवा होता. मी उठून जायला हवं होतं. मी काय केलं, तर पट्टी आणखी सुंदर काढून दाखवली. माझ्याच अपमानाचा नमुना मी स्वतः कापून काचेवर ठेवला.

आम्ही चांभार. मी हे सरळ लिहिते आहे, कारण सरांनी हा शब्द कधीच उच्चारला नाही. ते फार शिकलेले आहेत. ते "परंपरा" म्हणतात, "पुश्तैनी हुनर" म्हणतात. शब्द न घेता जात सांगायची कशी, हे त्यांना येतं.

माझ्या आजोबांचे आजोबा दरबारच्या फौजेबरोबर दक्षिणेतून इंदूरला आले. पागेतल्या घोड्यांची खोगिरं शिवायचे. सरांचे पूर्वजही त्याच फौजेबरोबर आले. ते दफ्तरात लिहायला बसले. एकाच वाटेने आलेली दोन घरं. पुढे संस्थान गेलं, घोडे गेले. त्यांच्या घरात प्राध्यापक झाले, वकील झाले. आमच्या घरात आजोबा चपला शिवत राहिले, आणि माझे पप्पा पोलोग्राउंडच्या एका कारखान्यात लेथवर लागले.

सरांना हे सगळं माहीत कसं? मीच सांगितलं.

नोकरीचा इंटरव्ह्यू हिंदीत सुरू झाला होता. फॉर्मवर माझं आडनाव वाचून सर एकदम मराठीत आले. "अगं, मराठी का तू? इंदूरात कुठे राहता?" इथे कोणी असं अचानक मराठीत बोललं की आतून बरं वाटतं. आपलं माणूस भेटल्यासारखं. मी म्हणाले, बडा गणपतीच्या मागे. पिढ्यान्‌पिढ्या तिथेच. आणि मग, कोणी विचारलेलं नसताना, मोठ्या तोऱ्यात सांगून टाकलं की आमचे पूर्वज दरबारची खोगिरं शिवायचे.

सर खुर्चीत मागे टेकले. "पागेची खोगिरं! म्हणजे आपली तर पिढ्यांची ओळख."

मी हसले. किती आनंदाने हसले. मला वाटलं, ओळख म्हणजे ओळख. त्यांनी नोकरी दिली. संविदा, म्हणजे कंत्राटी, दरवर्षी नवी होणारी. दरवर्षी सरांच्या सहीने. त्या दिवसापासून मी त्यांची "अगं" झाले. माझ्याहून लहान रिसर्च स्कॉलर मुलींना ते "आप" म्हणायचे, "मैडम" म्हणायचे. मला "अगं, इकडे ये". मी मनाला समजावलं की हा आपलेपणा आहे.

डिपार्टमेंटमध्ये चार वाजता चहा होतो. रॅकवर पांढऱ्या कपांची रांग असायची. दुसऱ्याच आठवड्यात माझ्यासाठी एक स्टीलचा ग्लास आला. तो रॅकवर नाही, स्टेनिंग रूमच्या सिंकजवळ, खिडकीत. रिद्धिमा नावाची पीएचडी करणारी मुलगी आहे. तिने सांगितलं, "दीदी, आपका केमिकल वाला हाथ रहता है न, इसलिए सर ने अलग रखवाया है। सेफ्टी।"

मला पटलं. खरंच पटलं. फॉर्मेलिन, झायलीन, दिवसभर त्यातच हात असतात. वास केसांत बसतो, जेवणाच्या डब्याला लागतो. मी ग्लास वापरायला लागले. घासायची, परत खिडकीत ठेवायची.

काही महिन्यांनी एक दिवस रिद्धिमा स्वतःच्या स्लाईड्स रंगवत होती. ग्लोव्ह न घालता. बोटं इओसिनच्या रंगाने गुलाबी झालेली. चहा आला तशी ती गेली, रॅकवरून पांढरा कप उचलला, प्यायली. कपावर गुलाबी बोटं उमटली. कोणी काही बोललं नाही. सर समोर बसले होते, तिच्याशी हसून बोलत होते. नंतर शिपाई तो कप धुवून परत रॅकवर ठेवून गेला.

मी दारात उभी होते. हातात स्टीलचा ग्लास.

लोक मला विचारतात, तुला किळस येत नाही का? उंदराचं काळीज, मूत्रपिंड, रक्त. नाही येत. मेलेला जीव फॉर्मेलिनमध्ये स्वच्छ असतो. तो कोणाला फसवत नाही. मला त्या गुलाबी डागांची किळस आली. सेफ्टी या शब्दाची आली. इतका चांगला शब्द, आणि त्याच्या आड काय लपवलं होतं.

तरी मी बोलले नाही. त्यानंतरही पाच वर्षं बोलले नाही. ग्लास धूत राहिले. रिन्यूअलचा कागद सरांच्या टेबलावर जायचा, सही होऊन यायचा, आणि मी म्हणायची, चला, आणखी एक वर्ष निघालं.

खून में है.

मला हे काम शिकवलं चौहानजींनी. माझ्या आधीचे टेक्निशियन. रोज बेटमाहून बसने यायचे, डब्यात मक्याची पोळी आणि लसणाची चटणी. रिटायर व्हायला त्यांना एक वर्ष राहिलं होतं. पहिले चार महिने माझी एकही पट्टी धड निघाली नाही. चुरा व्हायचा. सुरकुत्या पडायच्या. कधी मेण पात्याला चिकटून बसायचं. चौहानजी रिकामं मेण ओतून ठोकळे करायचे आणि मला नुसतं मेण कापायला बसवायचे. दिवसच्या दिवस. एकदा पातं बदलताना माझा अंगठा कापला, दोन टाके पडले. मी रडायला लागले तर त्यांनी पट्टी बांधून दिली आणि म्हणाले, "ब्लेड के कंई उतावल नी है बेटा। उतावल थारे है।" पात्याला घाई नाही, तुला आहे.

चार महिने. दोन टाके. एक म्हातारा माणूस रोज माझ्या मागे उभा राहायचा. हे माझ्या रक्तात कुठून येणार? आणि सरांना हे माहीत नव्हतं असं नाही. मी कापलेले चुऱ्याचे ढीग त्यांनी स्वतः पाहिले होते. तेव्हा ते चौहानजींना म्हणाले होते, "ये लड़की सीख पाएगी क्या?" शिकायच्या आधी माझ्या रक्तात काही नव्हतं. शिकल्यावर सगळं रक्तातलं झालं.

ट्रेनिंगच्या त्या दिवशी घरी गेले. पप्पा ओट्यावर पेपर वाचत होते. मी सांगितलं, आज सर सगळ्यांसमोर असं असं म्हणाले. पप्पांचा चेहरा उजळला.

"म्हणजे साहेबांनी तारीफच केली ना? माझ्या बाबांची बात तर निघाली इतक्या लोकांत."

मला त्यांच्या अंगावर ओरडावंसं वाटलं. त्यांचा तो उजळलेला चेहरा बघवत नव्हता. मी आत गेले. साबणाने मनगट धुतलं. परत धुतलं. आईने विचारलं, काय लागलंय? मी म्हणाले, केमिकल.

जेवताना मी परत काढलं. "पप्पा, ते म्हणाले खून में है. शिकवून येत नाही म्हणाले."

पप्पा घास घेता घेता थांबले. "खून में कसं? मला तर रापी धरता येत नाही."

रापी म्हणजे चामडं कापायची सुरी. आजोबांची होती.

"बाबांनी मला दहा साल का असतानाच बसवलं होतं कामाला. तीन चामडी खराब केली मी. वाकडी कापली. असा मार पडला, काय सांगू. मग मी पळून पोलोग्राउंडला गेलो, उस्तादच्या हाताखाली. लेथसुद्धा दोन साल शिकलो तेव्हा आली." ते हसायला लागले. "खून में असतं तर बाबांनी कशाला मारलं असतं मला? मग माझ्या खूनात काय होतं, लेथ?"

आई हसली. मीही हसले. आणि हसता हसता पप्पा गप्प झाले. भाकरीचा तुकडा हातात तसाच. मग म्हणाले, "तारीफ नव्हती ती."

एवढंच. पण त्या एका वाक्याने माझ्या आत काहीतरी जाग्यावर बसलं. तोवर मला वाटत होतं, मलाच जास्त लागतं. मीच वाकडं घेते. सगळे तर कौतुक म्हणत होते. पप्पांनी सांगितलं तेव्हा कळलं, लागलं कारण मारलं होतं.

पुढच्याच आठवड्यात सरांनी केबिनमध्ये बोलावलं. बाहेरून तपासणीला टीम येणार होती. विद्यापीठाला एक छोटी फिल्म दाखवायची होती. सर खुशीत होते.

"अगं, तुझी स्टोरी सगळ्यांना फार आवडली त्या दिवशी. आपण तुझ्यावर दोन मिनिटं करू. घरी आजोबांची रापी असेल ना?"

रापी हा शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. कुठून शोधून आणला होता कोण जाणे.

मी म्हणाले, "का सर?"

"ती घेऊन ये. मायक्रोटोमच्या शेजारी ठेवू. एकाच फ्रेममध्ये. इकडे रापी, इकडे मायक्रोटोम, मध्ये तू. आणि ॲप्रन नको त्या दिवशी. साडी नेस. जरा पारंपरिक वाटलं पाहिजे."

रिद्धिमाने लिहिलेला कागद त्यांनी माझ्या हातात दिला. हिंदीत होता. मी काय बोलायचं ते. "मेरे पुरखे चमड़ा काटते थे। आज मैं कोशिकाएँ काटती हूँ। हाथ वही हैं।" खाली लिहिलं होतं, इथे हसायचं.

खरंच लिहिलं होतं. कंसात. इथे हसायचं.

मी कागद घडी करून ॲप्रनच्या खिशात ठेवला. म्हणाले, "बघते सर." परत तेच. "बघते सर." माझी जीभ कशाची बनली होती कोण जाणे.

घरी येऊन पत्र्याची पेटी उघडली. रापी कापडात गुंडाळून ठेवलेली आहे. मूठ काळी पडलेली, आजोबांचा अंगठा जिथे टेकायचा तिथे लाकूड झिजून खळगा झालेला. पातं अजून धारदार. मी हातात धरली. नीट धरता येईना. तोल वेगळा, वजन वेगळं. मायक्रोटोमशी तिचं काही नातं नाही. माझा अंगठा त्या खळग्यात बसतच नव्हता.

तिची लाज मला कधीच नव्हती. आजोबांनी तिच्यावर घर चालवलं. ती घाण नव्हती. घाण त्या कागदावर होती, केबिनमध्ये होती, कंसात लिहिलेल्या हसण्यात होती. मी रापी परत कापडात गुंडाळली आणि पेटी लावून टाकली. त्या माणसाच्या फ्रेममध्ये ती जाणार नव्हती. मीही जाणार नव्हते.

शूटिंगच्या दिवशी मी ॲप्रन घालून गेले.

सरांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं. "साडी?"

"नाही नेसले."

"रापी आणलीस?"

"नाही."

"नाहीये का घरी?"

"आहे सर. ती माझ्या आजोबांची आहे. फिल्मसाठी नाही."

कॅमेरावाला लाईट लावत होता. रिद्धिमा कागद घेऊन उभी. सरांना लोकांसमोर चिडता येईना. म्हणाले, "बरं, ठीक आहे, नुसतं बोल."

कॅमेरा सुरू झाला. मी चाकावर हात ठेवला आणि हिंदीत बोलले. म्हणाले, मी बी.एस्सी. केलं, मग लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा केला. हे काम मला चौहानजींनी शिकवलं. चार महिने माझी एक पट्टी निघाली नाही. अंगठ्याला दोन टाके पडले. जो कोणी चार महिने बसेल त्याला हे येईल. यात खून वगैरे काही नाही. ज्या सरांनी तसं सांगितलं, त्यांनी खोटं सांगितलं.

"कट, कट," सर म्हणाले. कॅमेरावाल्याला नाही, मलाच म्हणाल्यासारखे.

मग सगळ्यांना बाहेर पाठवलं. माझ्याजवळ आले. आवाज खाली. मराठीत. "अगं, मी तर तुझा मान वाढवत होतो."

मी म्हणाले, "सर, रिद्धिमा मॅडमचे वडील वकील आहेत. तिचा पेपर छापून आला तेव्हा तुम्ही तिचं मनगट धरून दाखवलंत का सगळ्यांना? म्हणालात का, हिच्या खून में बहस है?"

मग त्यांचा तो मऊ आवाज गेला. "फार बोलायला लागलीस तू. रिन्यूअल कोणाच्या टेबलावर येतं, लक्षात आहे ना?"

"आहे."

"मग?"

"मग काही नाही सर. लक्षात आहे."

खोटं कशाला बोलू, मला भीती वाटली होती. पण खूप दिवस पोटात असलेलं घाण काहीतरी ओकून टाकल्यावर जसं वाटतं, तसंही वाटत होतं.

चार वाजले. चहा आला. मी रॅकजवळ गेले, एक पांढरा कप उचलला, चहा ओतून घेतला आणि तिथेच सगळ्यांसमोर उभी राहून प्यायले. पूर्ण. चमचे वाजायचे थांबले. रिद्धिमाने मान खाली घातली. मी कप धुतला आणि रॅकवर ठेवला, बाकीच्या कपांच्या मध्ये.

दुसऱ्या दिवशी रॅक रिकामा होता. सगळे कप गेले होते. टेबलावर कागदी कपांची थप्पी. सगळ्यांसाठी. शिपायाने सांगितलं, "हाइजीन के लिए, दीदी। सर का ऑर्डर है।"

मी त्या कागदी कपांकडे बघत राहिले. माझ्या तोंडाला लागलेला कप कुठला, हे ओळखता येईना, म्हणून सगळेच फेकले. इतकी विद्या, इतके पेपर, परदेशात भाषणं. आणि एका बाईने चहा प्यायला म्हणून कप फेकणारी माणसं. मी बाथरूममध्ये जाऊन थुंकले.

त्याच दिवशी तक्रार लिहिली. विद्यापीठात अनुसूचित जातींसाठी कक्ष आहे. दारावर पाटी आहे, आत एक टेबल आहे. मी तीन पानं लिहिली. मनगट, सॅनिटायझर, ग्लास, रापी, कप. सर बोलले तो शब्द न् शब्द लिहिला, जसाच्या तसा. ट्रेनिंगचं रेकॉर्डिंग डिपार्टमेंटनेच केलं होतं, ते मागितलं. टेबलावरच्या बाबूने पानं वाचली आणि म्हणाला, "मैडम, सोच लीजिए। अभी वापस ले जा सकती हैं।"

मी म्हणाले, "पावती द्या."

रिद्धिमाला विचारलं, तू खरं काय ते सांगशील का? ती रडायला लागली. "दीदी, मेरी थीसिस सर के पास है।" मला तिची दया आली नाही. रागही आला नाही. ती जिथे उभी होती तिथेच मी पाच वर्षं उभी होते. फरक एवढाच की तिच्या हातात कप होता.

दोन आठवड्यांनी आमच्या घरी दोन माणसं आली. इंदूरच्या मराठी मंडळींतले मोठे लोक. एक निवृत्त प्राचार्य, एक बँकेतून रिटायर झालेले. गणपतीच्या कार्यक्रमात पुढच्या रांगेत बसतात. आमच्या घरात असे लोक कधी आले नव्हते. आईची धावपळ झाली. तिने चहा टाकला तर दोघेही एकदम म्हणाले, "नको नको, आत्ताच घेऊन निघालो."

आई गॅसपाशी तशीच उभी राहिली.

प्राचार्य पप्पांशी बोलले. फार गोड बोलले. "इथे आपण मूठभर मराठी माणसं. परमुलखात. घरातली गोष्ट बाहेर कशाला न्यायची? त्यांच्या मनात काही नव्हतं हो. मुलीला समजावा."

मी म्हणाले, "काका, कुठल्या घरातली?"

ते हसले. "अगं, आपल्या."

तेव्हा पप्पा बोलले. आयुष्यभर साहेब लोकांसमोर मान खाली घालून बोलणारा माणूस. आवाज चढवला नाही. म्हणाले, "साहेब, तुम्ही ज्यांचं सांगताय त्यांच्या वडिलांच्या बंगल्यावर माझे वडील चपला पोचवायला जायचे. मीपण जायचो. मागच्या दरवाजाने. तिथेच थांबायचं, तिथेच द्यायच्या, तिथूनच परत. मी दसियों बार गेलो असेन. पुढचा दरवाजा कसा आहे ते मी अजून पाहिलेला नाही. मग घर आपलं कसं?"

बँकवाल्यांनी घड्याळ पाहिलं.

"तक्रार तिची आहे," पप्पा म्हणाले. "ती म्हणेल ते. मी नाही समजावणार."

ते उठले. चपला घालताना बँकवाले मला म्हणाले, "बेटा, नोकरीचा तरी विचार कर."

आता सगळे तेच सांगतात. विद्यापीठाच्या एका अधिकाऱ्यांनी बोलावून सांगितलं, निकाल लागेपर्यंत लांब रजेवर जा, तुझ्याच भल्यासाठी. सरांनी लेखी उत्तर दिलंय की ते "प्रशंसा के भाव से" बोलले, आणि माझ्या भावना दुखावल्या असतील तर त्यांना खेद आहे. असतील तर. रेकॉर्डिंग अजून मिळालेलं नाही. मिळेल की नाही, माहीत नाही. माझी संविदा दोन महिन्यांनी संपते. सर माझ्याशी आता बोलत नाहीत. काय हवं ते चिठ्ठीवर लिहून माझ्या टेबलावर ठेवतात. चिठ्ठीवर "आप" लिहितात. मला हसू येतं, आणि मग किळस येते.

नोकरी हवी तर तक्रार सोड. तक्रार हवी तर नोकरी सोड. जो भेटतो तो मला या दोनच गोष्टी दाखवतो, दुकानदाराने दोन साड्या पुढे टाकाव्यात तशा. मी कोणतीच उचलणार नाही. नोकरी मी शिकून मिळवली आहे, ती सोडणार नाही. तक्रार खरी आहे, तीही सोडणार नाही. रजेवर जाणार नाही. बदलीचा अर्ज करणार नाही. रिन्यूअल अडवलं तर ते का अडवलं, हेही लिहून मागणार. इथे नाही ऐकलं तर अनुसूचित जाती आयोगाकडे जाणार, तिथे नाही तर कोर्टात.

माझ्या तक्रारीची चौकशी करणारी कमिटी सोमवारी अकरा वाजता बसते आहे. साडेनऊला मी लॅब उघडीन. अकराला सरांच्या समोरच्या खुर्चीत बसेन. झालं की परत येऊन कामाला लागेन.

मी इथून जाणार नाही. त्यांना माझ्याकडे रोज बघावं लागेल.